ताईच्या देखत

सोसायाने मानाच्या वेळी नेसायची बापाची जुनी चटई कमरेला गुंडाळली, वरून काथ्याच्या दोरीने आवळली, आणि गाठ मारता मारताच त्याच्या पाठीवरून घामाचा पहिला ओहोळ निघाला तो सरळ चटईत जिरला.

“बाबा, आपण पेलिकन पार्कला चाललोय,” सिसिलिया दारातून म्हणाली. “चर्चला नाही. लोक तिथे चड्डीवर फिरतात.”

“लोकांसोबत त्यांच्या थोरल्या बहिणी नसतात.”

“असतात की!”

“असतील. टोंगाहून आलेल्या नसतात.”

फेब्रुवारीचे दिवस होते, तिकडचा ऐन उन्हाळा. शाळा उघडल्या होत्या, सुट्टीला आलेली माणसं आपापल्या गार गावांना परतली होती, आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या त्या किनाऱ्यावर मागे उरली होती नुसती हवा. तीही हवा कसली, ओली गोधडी. माणसं ती पांघरून झोपत, तीच पांघरून उठत, आणि दिवसभर तिलाच ओढत हिंडत. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, बरणीतलं मीठ सुटत नव्हतं, आणि भिंतीवरच्या पाली वळवळायच्या सोडून नुसत्या चिकटून होत्या.

सोसायाला तर हा उन्हाळा दुप्पट जाचायचा. तो लोगनमधल्या एका मटणाच्या शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवायचा. तिथे माणसाच्या तोंडातून दोनच गोष्टी निघत, वाफ आणि शिव्या. सोसाया दोन्हीत वस्ताद होता. घरी आला की मात्र वाफही बंद आणि शिव्याही बंद. गेले तीन आठवडे तर तो घरात भुवयांनी बोलत होता. कारण टोंगातल्या वावाउ बेटावरून त्याची थोरली बहीण लोसालिने आली होती.

आतल्या खोलीत त्याची बायको फाताई कपाळावर ओला टॉवेल घेऊन पडली होती. उकाड्याने तिचं डोकं उठलं होतं.

“आज विचारा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “उद्या वन्सं विमानात बसतील.”

“मी कसा विचारू? मी भाऊ आहे.”

“मी तीन आठवडे तुमच्या दोघांच्या मधे बोलतेय. लग्नाचं काढलं की वन्सं म्हणतात, बघू. आता माझं डोकं फुटायला आलंय. मुलगी तुमची, बहीण तुमची. आत्याच्या होकाराशिवाय मुलीचं लग्न लावाल? लावून दाखवा.”

तसं लग्न लागत नाही हे सोसायाला चांगलं ठाऊक होतं. लग्नात सगळ्यांत वरची चटई आत्याची. ती रिकामी राहिली तर पाहुणे जेवणाकडे बघत नाहीत, त्या चटईकडे बघतात. आणि नवरामुलगा म्हणजे कॅलम! तांबड्या केसांचा, तांबड्या कानांचा, उन्हात दहा पावलं चालला की नाकही तांबडं होणारा गोरा. ना गाव, ना गोत, ना घरी विणलेल्या चटयांची एखादी चवड. पेलिकन पार्कात मार्लिन नावाचा रोलर कोस्टर चालवायचा, एवढीच त्याची दौलत. आजचे फुकट पासही त्यानेच आणून दिले होते. आत्याने आपल्याला आपल्या कामावर बघावं, म्हणजे तिचं मन वळेल, असं त्याच्या तांबड्या डोक्यात आलं होतं.

लोसालिने बाहेर आली. काळा झगा, कमरेला विणलेल्या झालरींची किएकिए, हातात पंखा, पांढरे केस घट्ट अंबाड्यात. वावाउच्या शाळेत तिने पोरांच्या पिढ्या वळणावर आणल्या होत्या, आणि निवृत्त होऊनही तिची नजर अजून वर्गात फिरल्यासारखीच फिरायची. ती गाडीत मागे बसली. सोसायाने चालकाच्या जागेवर बसताक्षणी आतला आरसा छताकडे वळवला. बहिणीच्या तोंडाकडे असं सारखं टक लावून बघणं बरं नव्हे.

“बाबा, मागची गाडी कशी दिसणार?”

“मागच्याने बघावं.”

“सिसिलिया,” मागून शांत आवाज आला, “तुझ्या बाबाला सांग, गाडी हळू चालव.”

“बाबा, गाडी हळू चालवा.”

“आत्याला सांग, हो.”

दोघांच्या मधे एक सीट होती, आणि त्या सीटएवढ्या अंतरातून शब्द लेकीच्या तोंडून वळसा घालून येत होते. हे काही भांडण नव्हतं. उलट, टोंगात भावाबहिणीची माया इतकी मोठी मानतात की ती जवळ ठेवायची सोय नसते, लांबूनच जपायची. पोराच्या ओठावर मिसरूड यायच्या आत तो बहिणीच्या घरातून उठतो आणि परसातल्या खोपटात मुलांबरोबर झोपू लागतो. मग तिच्या शेजारी बसायचं नाही, तिच्यासमोर खिदळायचं नाही, आणि तिच्या देखत वावगा शब्द? जीभ झडली तरी नाही.

त्याआधी मात्र तो तिच्या कडेवर वाढला होता. वावाउच्या धक्क्यावरून ती त्याला काखोटीला मारून समुद्रात उडी घ्यायची. खाली निळं पाणी, वर निळं आभाळ, मधे ताई, आणि ताईला बेडकासारखा चिकटलेला तो. पाण्यात शिरताना ती हसायची आणि तो किंचाळायचा. मग एक दिवस तो खोपटात झोपायला गेला. भरती चढली की समोरचं बेट जसं जागच्या जागी लांब जातं, तशी ताई लांब गेली.

पेलिकन पार्काच्या दाराशी लांबचोचे आयबिस पक्षी कचऱ्याच्या डब्यांवर सभा भरवून बसले होते. आतमध्ये त्यांच्याहून कमी माणसं. अर्ध्या राइडवर ताडपत्री होती, उरलेल्यांवर ‘दुरुस्ती चालू’ची पाटी. पेलिकनचा वेश घेतलेला कुणी कामगार आपलं चोचीचं डोकं काखेत मारून एका खांबाच्या बारीकशा सावलीत उभा होता. सावली त्याच्या निम्म्या अंगालाच पुरत होती.

“सिसिलिया, त्या पक्ष्याला सांग,” लोसालिने म्हणाली, “खांबाची सावली पुरत नाही. घरी जा.”

“आत्या, त्याची नोकरी आहे ती.”

“नोकरीत पाणी तरी देतात का?” असं म्हणून तिने पिशवीतली बाटली काढून पक्ष्याच्या पंखात दिली आणि पुढे चालू लागली. सोसाया तिच्यामागे, चार हात अंतर ठेवून. चटईच्या आत आता चांगला कढ चढला होता. आपल्याला कुणी पानात गुंडाळून भट्टीत पुरलंय असं त्याला वाटत होतं. फक्त नारळाचं दूध तेवढं ओतायचं राहिलं होतं.

मार्लिन दिसायला खरोखर माशासारखा होता. निळी गाडी, पुढे भाल्यासारखं टोक, आणि आभाळात चढून धाडकन खाली येणारे लोखंडी रूळ. कॅलम फलाटावर ताठ उभा होता. शर्टावर मासा, टोपीवर मासा, चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा.

“नमस्कार, मॅडम! नमस्कार, मित्रा... म्हणजे काका! काका!”

सिसिलियाने डोळे वटारले. सोसायाने आभाळाकडे बघितलं.

लोसालिनेने पंखा वर रुळांकडे रोखला. “ही तुझी गाडी?”

“हो, मॅडम. मीच चालवतो.”

“छान. मी बसेन.”

आत्याला नको म्हणायची पद्धत नव्हती. नुसती सोसायाच्या घरात नव्हे, सगळ्या टोंगात नव्हती. आणि ताईने एकदा पाण्याकडे तोंड केलं की ती उडी घेतेच, हे सोसायाला जन्मापासून माहीत होतं. त्याने मनाशी हिशोब केला. ताई वर जाईल, सिसिलिया सोबत जाईल, आपण खाली सावलीत थांबू. ताई हसत उतरेल. हसऱ्या ताईला विचारणं सोपं.

“फक्त एक अडचण आहे,” कॅलम कान खाजवत म्हणाला. “निदान चारजण लागतात. गाडी हलकी असली तर वरच्या वळणावर रेंगाळते. आत्या, सिसिलिया, क्लाइव्ह... आणि काका.”

“क्लाइव्ह कोण?”

बाकावरून एक म्हातारा उठला. हाफ पँट, पायात रबरी चपला, कानात मशीन, आणि गळ्यात वर्षभराचा पास. “मी रोजचाच आहे, दोस्ता,” तो म्हणाला. “घरी एसी नाही. सगळ्या किनाऱ्यावर वारा सुटतो तो फक्त इथे, तोही विजेवर. चारजण जमले की मी बसतो. काल कुणीच आलं नाही. दिवसभर इथे नुसता शिजलो.”

सोसायाने लेकीला बाजूला ओढलं.

“मी नाही बसणार.”

“घाबरता?”

“गाडीला घाबरत नाही गं. माझ्या तोंडाला घाबरतो.” तो कुजबुजला. “मागे पायावर पेटी पडली होती तेव्हा काय बोललो, मलाच नंतर लोकांनी सांगितलं. वरून खाली पडताना माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नाही. आणि पुढ्यात ताई! तिच्या देखत एक शब्द गेला, तर तुझं लग्न इथेच, या फलाटावर मोडेल.”

सिसिलियाचा चेहरा उतरला. मग तिने पर्समधून रुमाल काढला, त्याचा बोळा केला आणि बापाच्या हातात दिला. “दातांत धरा. अगदी उतरेपर्यंत सोडू नका.”

पुढच्या रांगेत लोसालिने आणि क्लाइव्ह. मागच्या रांगेत बाप-लेक. कॅलमने पुढच्यांच्या मांडीवर येणारा लोखंडी दांडा खाली ओढला. तो खट्‌कन बसला. मागचा ओढला, तो सोसायाच्या चटईवर टेकला आणि थांबला. कॅलमने जोर लावला. चटई जुनी, जाड, तीनपदरी. तिच्या आत सोसायाचं पोट. आणि पोटात सकाळचे उकडलेले अरवीचे कंद. दांडा हलेना.

“काका,” कॅलम अगदी हळू म्हणाला, “चटई काढावी लागेल.”

भावाने बहिणीच्या देखत कमरेची चटई सोडायची म्हणजे भर चर्चमध्ये पँट सोडण्यासारखं. सोसायाच्या तोंडात रुमाल होता म्हणून बरं. त्याने नुसती मान हलवली. नाही म्हणजे नाही.

“नियम आहे, काका. दांडा बसल्याशिवाय मला गाडी सोडता येत नाही.”

तव्यावरचं पाणी चरचरावं तसे कुठेतरी रातकिडे भरदुपारी ओरडत होते. मग पुढच्या रांगेतून, मागे न वळता, आवाज आला.

“सिसिलिया, तुझ्या बाबाला सांग, मी समोर बघतेय. मागे काय चाललंय ते मला दिसत नाही. कुणी विचारलं तर मी सांगेन, मला काही दिसलं नाही.”

सोसायाने गाठ सोडली. कॅलमने चटई दोन्ही हातांनी घेतली, सिसिलियाने शिकवलं होतं तशी. पण घेऊन ठेवणार कुठे? फलाटावर तेल सांडलेलं, आणि बापाची चटई जमिनीवर टाकायची नाही हेही तिनेच शिकवलेलं. बटणं दाबायला तर हात मोकळे हवेत. बिचाऱ्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि चटई आपल्याच कमरेला गुंडाळून गाठ मारली. वर मासा, खाली चटई. क्लाइव्ह म्हणाला, “शोभतंय रे!”

गाडी सुटली.

चढ मोठा गोड होता. हळूहळू वारा लागला, घाम गार झाला, खाली समुद्र चकाकला. सोसायाने दात घट्ट आवळले. ताईच्या अंबाड्यातून एक पांढरी बट सुटून उडत होती. टोकावर गाडी क्षणभर थांबली. झाडावरून पडायच्या आधी फळ जसं विचार करतं, तशी थांबली.

आणि पडली.

सोसायाने रुमालात दात रोवले. शेजारी सिसिलिया डोळे मिटून सलग किंचाळत होती. पण त्याच्या तोंडून शब्द सुटला नाही. शब्द सुटला तो पुढच्या रांगेतून.

तो शब्द इथे लिहिण्याजोगा नाही. वावाउच्या धक्क्यावर बांधलेलं डुक्कर सुटून समुद्रात गेलं की कोळी जो शब्द त्याच्या मागे पाठवतात, तो तो होता. तोही सुटा नव्हे, मागेपुढे आप्तेष्टांसह. चाळीस वर्षं शाळेत वापरलेला, चर्चमध्ये कमावलेला, खणखणीत आवाज. शब्द वाऱ्यावर स्वार होऊन सोसायाच्या दोन्ही कानांत एकदमच शिरला.

ताईची मान ताठ झाली. मानेच्या मागून सुद्धा माणूस लाजलेला दिसतो हे सोसायाला त्या क्षणी कळलं. तिचे खांदे, जे त्याने कधी वाकलेले बघितले नव्हते, ते चिमणीसारखे आत ओढले गेले.

गाडी वळली. पुढे दुसरा उतार दिसत होता. सोसायाला विचार करायला जेमतेम एका श्वासाचा वेळ मिळाला, आणि त्याने विचार केला तो असा: भावाच्या देखत बहीण असं बोलली, हे कुठे उरता कामा नये. हा शब्द झाकला पाहिजे. आणि शब्द झाकायचा तर त्याच्याहून मोठा शब्द पाहिजे. लेकीचं लग्न एका बाजूला आलं, ताईचे खांदे दुसऱ्या बाजूला. लग्नाचं पुढे बघता येईल. खांदे आत्ता आत गेले होते.

त्याने रुमाल थुंकला. रुमाल उडून आयबिसांच्या मुलखात गेला. मग शीतगृहात इतकी वर्षं साठवलेलं सगळं, सामोअन गड्यांकडून उसनं घेतलेलं, माओरी गड्यांकडून शिकलेलं, गोऱ्यांचं थोडं आणि घरचं पुष्कळ, त्याने एका दमात वाऱ्यावर सोडलं. गाडी उतार उतरली, वळण वळली, पाण्यावरून गेली, तरी त्याचं चालूच होतं. तळ्यातली बदकं उडाली. खाली पक्ष्याने आपलं डोकं घाईघाईने डोक्यावर चढवलं.

गाडी फलाटात येऊन थांबली तेव्हा कॅलम पांढराफटक पडला होता. त्यातले निदान निम्मे शब्द त्याला समजत होते. सिसिलियासाठी तो टोंगन शिकत होता, आणि शिकवणारे होते शीतगृहातलेच गडी.

“बाबा!” सिसिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. “एक मिनिट! एक मिनिट तोंड मिटून बसणं जमलं नाही तुम्हाला? माझ्यासाठी सुद्धा नाही?”

लोसालिने उतरली, पंखा उचलून पायऱ्या उतरून गेली आणि झाडाखालच्या बाकावर पाठमोरी बसली.

क्लाइव्ह मात्र खुशीत होता. “वा! काय ललकारी दिली बाईंनी!”

“ती मी दिली,” सोसाया म्हणाला.

“तुमची नंतरची, दोस्ता. पहिली बाईंची. माझ्या चांगल्या कानाशीच...”

“पहिलीही माझीच.”

“पण आवाज पुढून...”

“वाऱ्याने फिरला.”

क्लाइव्हने त्याच्याकडे बघितलं. मग झाडाखालच्या ताठ पाठीकडे बघितलं. मग कानातलं मशीन काढलं, त्यावर फुंकर मारली आणि खिशात टाकलं. “असेल, असेल. या मशीनचं काही खरं नाही,” तो म्हणाला. “ओल धरतं.”

सोसाया पायऱ्या उतरला. बहिणीचा अपमान केला की काय करायचं असतं हे कुणी त्याला सांगायची गरज नव्हती. बाकापासून अदबीचं अंतर ठेवून तो सरळ जमिनीवर बसला, मांडी घालून, मान खाली. फरशी दुपारभर तापली होती. नुसती तुमान, मधे चटई नाही. त्याला आतून बरंच काही बोलावंसं वाटलं. पण बोलण्याचा आजचा कोटा संपला होता.

एवढ्यात शेजारी काहीतरी धपकन बसलं. मासा, चटई, तांबडे कान.

“काका,” कॅलम कुजबुजला, “आपण का बसलोय?”

“मी चुकलो.”

“आणि मी?”

“तू अजून नाही.”

“मग मी उठू?”

“आता उठलास तर चुकशील.”

कॅलमने मान खाली घातली. त्याच्या नाकावरून घाम टपटप फरशीवर पडत होता आणि पडल्या पडल्या वाळत होता. सिसिलिया थोडी लांब, तोंडावर हात ठेवून उभी होती. काय बघतोय तेच तिला समजेना.

बाकावरचा पंखा हलायचा थांबला.

“साया.”

सोसाया दचकला. हे नाव ताईच्या तोंडून त्याने ऐकलं होतं ते पाण्यात, नाकातोंडात मीठ जाताना. मधे सिसिलिया नव्हती, फाताई नव्हती. शब्द वळसा न घालता आला होता.

“जी, ताई.”

“जमीन तापलीये?”

“नाही, ताई.”

“खोटं बोलू नकोस.”

“तापलीये, ताई.”

पुन्हा पंखा हलला. ताईचं तोंड अजून तिकडेच होतं. “वर वारा फार होता,” ती म्हणाली. “मला काही ऐकू आलं नाही.”

“मलाही नाही, ताई.”

“काहीच?”

“काहीच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“अहो, काय बोलताय दोघं?” सिसिलियाला राहवेना. “अख्ख्या पार्कने ऐकलं! बदकं उडाली!”

“बदकांचं बदकं बघतील,” आत्या म्हणाली. मग ती वळली. भावाकडे नाही, त्याच्या शेजारच्या तांबड्या डोक्याकडे तिने नजर लावली. “या मुलाला कुणी बसायला सांगितलं?”

“कुणी नाही, आत्या.”

“मग का बसलाय? विचार त्याला.”

सिसिलियाने विचारलं. कॅलम मान वर न करता म्हणाला, “काका एकटेच बसले होते. काय झालं ते मला कळलं नाही, पण चटई माझ्याकडे होती. म्हटलं, चटई बसायची असेल तर मलाच बसावं लागेल.”

लोसालिनेच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने तो पंख्याआड केला. बापाची चटई होती ती. चर्चला, लग्नांना, मयतांना गेलेली. आज पहिल्यांदा माशाच्या शर्टाखाली बसली होती.

“लग्न जूनमध्ये करा,” ती म्हणाली. “तेव्हा इथे गारवा असतो. मी येईन. माझी चटई नेहमीच्या जागी घाला. आणि साया, याला नेसायला शिकव. गाठ पार पाठीवर गेलीये, गाढवावर ओझं बांधल्यासारखी.”

सिसिलिया धावत आली आणि आत्याच्या गुडघ्यांना मिठी मारून रडू लागली. कॅलमला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही, पण रडणं कोणत्या जातीचं आहे ते त्याला समजलं असावं, कारण तोही रडू लागला. सोसाया उठायला लागला, तर तुमान फरशीला चिकटल्यासारखी वाटली. त्याने दात आवळले, आणि शब्द आतच ठेवला.

“आता मला परत बसायचंय,” लोसालिने उभी राहत म्हणाली. “वारा चांगला आहे वर. हा मुलगा माझ्या शेजारी बसेल.”

“आत्या, गाडी कोण चालवणार?”

“जेवायची सुट्टी नसते का याला? कुणालातरी बोलाव म्हणावं.”

तळ्यापलीकडच्या राइडवरून एक मुलगी बटणं दाबायला आली. तिची राइड सकाळपासून बंदच होती. सिसिलिया बसली, तिच्याशेजारी क्लाइव्ह बसला, कान रिकामा ठेवूनच. कॅलमने चटई सोडून दोन्ही हातांनी सोसायाच्या स्वाधीन केली आणि पुढच्या रांगेत आत्याच्या शेजारी जाऊन बसला, परीक्षेला बसतात तसा.

“साया,” पायरीवरून ताई म्हणाली, “तू खालीच थांब.”

“जी, ताई.”

“लांब थांब.”

तो लांब गेला. तळ्याच्या काठी, रुळांकडे पाठ करून, त्याने चटई नीट नेसली, गाठ पुढे घेतली. मागे साखळी कटकटत गाडी चढू लागली तसे त्याने दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. चटईच्या आत पुन्हा भट्टी पेटली. घाम मानेवरून निघाला आणि कोपरांवरून गळू लागला. वरती गाडी टोकाला पोहोचली असावी, कारण फरशी थरथरायची थांबली. मग ती एकदम हादरली, आणि हादरतच राहिली. बोटांपलीकडे, लोखंडापलीकडे, वाऱ्यापलीकडे, कुणीतरी बाई मोकळ्या गळ्याने काहीतरी ओरडत होती.

सोसायाने बोटं आणखी आत रोवली आणि कान बंद ठेवूनच हसू लागला.